दोन सीटची वरात

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. कधी? मागच्या वैशाखात, तिच्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, पाठवणीच्या वेळी. कुठं? काष्टीच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाच्या फाटकात, सगळ्या वऱ्हाडाच्या डोळ्यांदेखत.

कोण, कधी, कुठं हे आधी सांगून टाकायचं, ही मला पत्रकांनी लावलेली सवय. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. बसस्थानकावरच्या कोरड्या नळासाठी लिहिलं, मुलींच्या पाससाठी लिहिलं, केडगावातल्या आमच्या गल्लीच्या दिव्यासाठी तर इतकं लिहिलं की दिवा शेवटी लाजून लागला. पत्रक वाचणारा माणूस उभ्याउभ्या वाचतो. हातात भाजीची पिशवी असते, बस येत असते. त्याला धरून ठेवायचं तर तक्रार पहिल्या ओळीत हवी. तर तक्रार ही अशी.

नवरदेवाकडच्यांनी वरातीसाठी स्पोर्ट्स गाडी ठरवली होती. लाल. कंपनीचं नाव लिहीत नाही. पत्रकात नाव घेतलं की वकिलाची नोटीस येते, हेही मी शिकले आहे. गाडी जमिनीला इतकी चिकटलेली की आत कोण बसलंय ते बघायला म्हाताऱ्यांना कमरेत वाकावं लागत होतं. लांबून वाटायचं, सगळे गाडीच्या पाया पडतायत.

ताईचं रडून झालं. आईच्या गळ्यात पडून झालं, मावशीच्या झालं, जिच्याशी वर्षभर अबोला होता त्या शेजारच्या काकूंच्याही झालं. मग ती डोळे पुसत गाडीपाशी आली. दार उघडलं. एका सीटवर ड्रायव्हर, काळा चष्मा लावून. दुसऱ्या सीटवर दाजी. फेटा छताला लागत होता म्हणून त्यांची मान वाकडी.

ताई क्षणभर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी मागं बसू का?"

"मागं इंजिन हाय, ताई," ड्रायव्हर म्हणाला.

सनईची कॅसेटसुद्धा त्याच वेळी अडकली. गाडी ठरवायला दाजींकडून जीपभरून माणसं गेली होती. चुलते, मावसभाऊ, मित्र. सगळ्यांनी बॉनेटवर हात ठेवून फोटो काढले. सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, ॲव्हरेज किती देते. ह्या गाडीत एक ड्रायव्हर आणि एक माणूस मावतो, आणि लग्नात मात्र माणसं दोन असतात, हे त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मालकाच्याही आलं नव्हतं, कारण तोवर त्यानं गाडी फक्त परण्याला दिलेली. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवानं वाजतगाजत मारुतीला जायचं. त्याला नवरी लागत नाही.

दाजी उतरू लागले तर त्यांचे चुलते ओरडले, "उतरू नगं! नवरदेवानं पाय मागं घ्यायचा नसतो!" मग काय, ताई वऱ्हाडाच्या क्रूझर जीपमध्ये. मधल्या सीटवर, एका बाजूला मिक्सरचं खोकं, दुसऱ्या बाजूला करवली म्हणून मी, आणि पायाशी रुखवतातला साखरेचा ताजमहाल. ताई रडत नव्हती आता. ती ताजमहाल सांभाळत होती.

आणि वर कळस असा की क्रूझर काष्टीला आधी पोचली. दारात दिवे, ओवाळायला बायका, उंबऱ्यावर तांदळाचं माप. एका आजीनं ताईला ओवाळायला ताट उचललं आणि मागं बघून विचारलं, "नवरी आली, नवरदेव कुठं हाय?"

नवरदेव रस्त्यावर होता. प्रत्येक गतिरोधकाला ड्रायव्हर नम्रपणे म्हणायचा, "साहेब, जरा उतरता का? वजन कमी झालं की पोट घासत न्हाई." दाजी उतरायचे, फेटा सावरत गतिरोधक चालत ओलांडायचे, पलीकडं पुन्हा बसायचे. नगर–दौंड रस्त्यावरच्या प्रत्येक गावानं त्या दिवशी चालता नवरदेव पाहिला.

मी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढणार होते. मथळाही तयार होता. आई म्हणाली, "लग्नघरात पत्रक वाटशील तर तुलासुद्धा मागंच बसवीन. इंजिनावर." तेव्हा मी गप्प बसले. गप्प बसण्याचा मला सराव नाही, म्हणून तो विषय माझ्या पोटात उकळत राहिला.

ह्या फाल्गुनात माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं. ती माझ्याहून लहान. काकांचं दूध-संकलन आहे आणि रोज सकाळी दुधाच्या कॅननी भरलेलं पिकअप डेअरीवर तीच नेते. काका शेजारी बसून पेपर वाचतात. मुलगा पाथर्डीकडचा, एसटीत कंडक्टर. स्वभावानं सरळ; बघायला आला तेव्हा हॉटेलातल्या चहाचे पैसे कोणी द्यायचे ह्यावर वाद झाला तर म्हणाला, "सुट्टे माझ्याकडं आहेत." तिला तो तिथंच आवडला.

सगळं जुळलं आणि मग नवऱ्या मुलाच्या मामांनी जाहीर केलं, "आमच्यात वरातीची गाडी मामाची. आन् माझ्या भाच्याला साधी गाडी न्हाई. स्पोर्ट गाडी."

संध्याकाळी चुलत बहीण आमच्याकडं आली. गच्चीवर पापड उचलत होतो. पापड हातात धरूनच ती म्हणाली, "अक्का, मला ताईसारखं मिक्सरशेजारी बसून सासरी जायचं नाही. गाडी लाल आणू दे, पिवळी आणू दे, बैलगाडी आणू दे. मला त्यांच्या शेजारी बसायचंय. तेवढंच."

"मग मामांना सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, बसायचं काय एवढं, आयुष्यभर बसायचंयच की शेजारी."

झालं. उकळत होतं ते उतू गेलं. मी म्हटलं, तू थांब. जिल्ह्यातल्या सगळ्या स्पोर्ट्स गाड्या मी बघते. कोणती गाडी कशी चालते, तिला काय काय लागतं, आणि तिच्यात नवरी कुठं बसते. तिन्ही रकाने भरते आणि मामांच्या हातात पत्रक देते.

सोबतीला दाजी आले. मागच्या वर्षाचं त्यांच्या मनात होतंच. "मला बसवलं, मी बसलो," एवढंच ते त्याबद्दल बोलतात, पण मोटारसायकल काढून दारात उभे राहिले. वर म्हणाले, "मेव्हणीबाई, खर्च रुपयांत लिहू नका. मामा बोकडांचे व्यापारी आहेत. रुपयांतला आकडा त्यांना कळतो, बोकडांतला लागतो." दाजी काष्टीचे. बाजारात जनावर बघून किंमत सांगणं त्यांच्या घरात लहानपणापासून खेळासारखं. मी मालकाला रुपये विचारायचे, दाजींनी त्याचं जनावर करायचं, असं ठरलं.

पहिली लाल. तीच. केडगावातच एका पत्र्याच्या शेडमध्ये असते, फरशीच्या दुकानामागं. मालकानं आम्हाला ओळखलं नाही, पण दाजींना बघून ड्रायव्हर खाकरला.

"सगळ्यात खर्च कशाचा?" मी विचारलं.

"टायर," मालक म्हणाला. "मागचे रुंद. नगरात मिळत न्हाईत, पुण्याहून मागवायचे."

दाजींनी आकडा ऐकला आणि डोळे मिटले. "दोन टायर म्हणजे एक दुभती म्हैस. पहिलारू, पहिल्या वेताची."

"विमा?"

"बैलजोडी," दाजी म्हणाले. "दरसाल."

"आणि पेट्रोल?"

मालक हसला. "पेट्रोल कसलं? गाडी चालतीय कुठं! कार्यालयापर्यंत टेम्पोवर चढवून नेतो. रस्त्यानं नेली तर पुढचा बंपर प्रत्येक लग्नाला बदलावा लागंल. टेम्पोचं भाडं, चढवायला-उतरवायला फळ्या, चार माणसं, त्यांचं जेवण."

हे माझ्या रकान्यात कुठं बसेना. धावण्यासाठी बनवलेल्या गाडीचा सर्वांत मोठा खर्च तिला धावू न देण्याचा होता. मी लिहिलं: टेम्पो, एका लग्नाला एक शेळी.

"ड्रायव्हरशिवाय द्याल का? नवरदेव स्वतः चालवेल."

मालकानं छातीवर हात ठेवला. "ताई, नवरदेव त्या दिवशी सरळ चालत न्हाई, गाडी काय चालवणार? मागं लोकं नाचतात, तो अर्धा क्लच दाबून अर्धा तास उभा राहणार. क्लच जळला की म्हैस गेली. वासरासकट."

"मग नवरी कुठं बसणार?" मी विचारलं.

तो खरोखर विचारात पडला. हे मी त्याच्या बाजूनं लिहिते. मग म्हणाला, "नवरीसाठी दुसरी गाडी देतो की. सेम लाल."

म्हणजे नवरा एका लाल गाडीत, बायको दुसऱ्या लाल गाडीत, आणि दोन्ही टेम्पोवर. दाजी इतके हसले की ड्रायव्हरनं चष्मा काढला आणि तोही हसला.

दुसरी पिवळी. ती नगर शहरात, एका रंगकाम करणाऱ्या मुसलमान कुटुंबाकडं. बाप ट्रकांना रंग देतो, मुलानं अपघातातली पिवळी गाडी विकत घेऊन स्वतः उभी केली. तिला मागं दोन सीट आहेत असं कळल्यावर आमच्या आशा वाढल्या. मी ह्या वेळी तयारीनं गेले. ताईचा लग्नातला शालू पिशवीत घातला आणि तिथं त्यांच्या आतल्या खोलीत जाऊन नेसले. पत्रक लिहायचं तर तपासून लिहायचं. फुलं विकत घ्यायची राहिली म्हणून दाजींनी माझ्या हातात हार म्हणून मोटारसायकलच्या कुलपाची साखळी दिली.

"ही घ्या. आता नवरी दिसताय."

मी पुढची सीट पाडून मागं शिरले. शिरले म्हणजे आधी डोकं, मग एक खांदा, मग शालू, मग थोड्या वेळानं मी. बसल्यावर माझे गुडघे हनुवटीला लागले. मान खाली. मला फक्त माझा शालू दिसत होता.

"कसं वाटतंय?" त्या मुलानं बाहेरून विचारलं.

"गरोदर बाईच्या पोटात असल्यासारखं."

त्याची अम्मी दारात उभी होती. तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं पोरी, ह्या सीटवर लोणच्याची बरणी बसते, नवरी न्हाई. मी आणली होती मिरजगावाहून. ती पण आडवी."

निघताना तर कहरच. मी बाहेर येईना. दाजींनी एक हात ओढला, अम्मीनं दुसरा. नवरीला सासरी न्यायला माणसं लागतात हे ठाऊक होतं. सासरी उतरवायला लागतात हे त्या दिवशी कळलं.

तो मुलगा मात्र मोकळा. चहा झाल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला, ॲव्हरेज किती?

"वरातीत गाडी किलोमीटरनं चालत न्हाई," तो म्हणाला. "गाण्यानं चालते. एक गाणं, एक खांब. लाइटच्या एका खांबापासनं दुसऱ्या खांबापर्यंत गाडी पोचायला एक गाणं. त्यातही लोकांनी 'वन्स मोअर' म्हटलं की तिथंच. इंजिन चालू, एसी चालू, पंखा बोंबलतोय, क्लच तापतोय, म्हणून ड्रायव्हर माझाच. तुमी ॲव्हरेज काय विचारता? एका गाण्याला पेट्रोल किती, ते विचारा."

मी ते विचारलं. दाजींनी कोंबड्यांत सांगितलं. शिवाय आणखी एक खर्च त्यानं दाखवला, जो कोणत्याही कंपनीनं लिहिला नसेल. त्यानं एसी लावला. आतून खुळखुळ असा आवाज आला.

"अक्षता," तो म्हणाला. "लोकं उधळतात, जाळीतनं आत जातात. अख्खा डॅशबोर्ड खोलायला लागतो. दोन-तीन लग्नं झाली की खिचडी होईल एवढे तांदूळ निघतात."

"आणि बॉनेटवर कोण बसतं?"

"करवले. त्यांना न्हाई म्हटलं की रुसतात, व्हय म्हटलं की पत्रा रुसतो." त्यानं बॉनेटवरून हात फिरवला. खोलगट लागत होतं. पिवळीच्या रकान्यात मी लिहिलं: क्लच, हंगामात एक म्हैस; पत्रा, एक बोकड; नवरीची जागा, लोणच्यापुरती.

परतताना दाजी म्हणाले, "तुमच्या ताईला खरंच वाईट वाटलं होतं का हो त्या दिवशी?"

मी म्हटलं, "तिलाच विचारा."

"विचारलं. ती म्हणते, ताजमहाल फुटला नाही हे नशीब." थोडं अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाले, "पण त्याच्यानंतर मी कुठंही गाडीत बसलो की ती आधी बघते, आपल्याला जागा आहे का. एसटीत पण बघते." केडगावचा फाटा आला तेव्हा आम्ही उसाच्या रसाला थांबलो.

तिसरी गाडी निळी. काष्टीच्या अलीकडं एका कांदा व्यापाऱ्याकडं. छप्पर कापडाचं, बटण दाबलं की मागं घडी होते. व्यापारी बाहेरगावी होता. त्याची बायको बाहेर आली आणि विचारायच्या आधीच बोलू लागली.

"भाड्यानं देत न्हाई हां आमी. ओळखीत देतो. टाकी भरून आणायची, मोडलं तर तुमचं. बसा."

गाडी ज्या वर्षी कांदा चढला त्या वर्षी घेतलेली. पुढच्या वर्षी कांदा पडला आणि नवऱ्याला तिच्यात बसायची लाज वाटू लागली. "लोकं म्हणणार, आमचा कांदा वावरात सडतोय आन् हा वाऱ्यावर केस उडवतोय. त्याला केस तरी कुठं हायेत! तवापासनं गाडी उभी."

"उभ्या गाडीला काय खर्च?"

"उभ्यालाच लई खर्च!" ती म्हणाली. "बॅटरी उतरती. टायर एका जागी बसून चपटे होतात. उंदीर वायरी खातात, आन् ते पण महागाच्या वायरीच खातात, टॅक्टरच्या न्हाई. म्हनून दर सोमवारी मी तिला फिरवून आणती, महादेवापर्यंत. बैल पाय मोकळे करायला न्यावा तसं."

"तुम्ही स्वतः?"

"मंग काय उंदीर चालवणार?"

तिनं बटण दाबलं. छप्पर मागं गेलं. दोनच सीट. माझं तोंड पडलं; पुन्हा तेच, एक ड्रायव्हर आणि एक माणूस. मी तसं म्हटलं.

ती म्हणाली, "ड्रायव्हर कशाला पायजे? हिला क्लचच न्हाई. आटोमॅटिक. जुन्या पद्धतीचा गिअरबॉक्स हाय, वरातीत रांगली तरी तापत न्हाई. जळायलाच काय न्हाई म्हनल्यावर ड्रायव्हर लावायचा कशाला? दोघांतल्या एकानं चालवावी."

लाल आणि पिवळी गाडी ड्रायव्हरशिवाय मिळत नव्हती ती क्लचच्या भीतीनं. क्लच गेला की ड्रायव्हर गेला, आणि ड्रायव्हर गेला की सीट रिकामी झाली. दाजींनी रकान्यात बॅटरी एक शेळी, वायरी चार कोंबड्या, छप्पर फाटलं तर म्हैस असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"अट एकच," व्यापाऱ्याची बायको म्हणाली. "जो चालवणार त्यानं माझ्यासमोर वेशीतला गतिरोधक काढून दाखवायचा. आवाज न करता."

आम्ही कंडक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "मला सायकल येते."

"सायकल?"

"अहो, आयुष्य गाडीत गेलं, पण पुढं कधी गेलोच नाही. पुढची गाडी किती वाजता आहे ते सांगतो, तिकीट फाडतो. स्टिअरिंगला हात लावायचा नसतो आमच्यात." मग म्हणाला, "पण ती चालवते की. रोज दूध नेते, एक थेंब सांडत नाही."

दुसऱ्या दिवशी चुलत बहीण वेशीतल्या गतिरोधकासमोर निळीत बसली होती. तिनं गाडी तिरपी घेतली, एक चाक आधी, दुसरं मग, तिसरं, चौथं. काहीही वाजलं नाही. व्यापाऱ्याची बायको उंबऱ्यावरून ओरडली, "ने! खुशाल ने!"

उरले मामा.

बैठक काकांच्या ओसरीवर झाली. मामा आले, पांढरी टोपी, मोबाईल वरच्या खिशात, चेहऱ्यावर बाजार उठवून आल्याचा रुबाब. मी पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. बैलजोडीपाशी थांबले, लोणच्यापाशी हसले, शेळीपाशी म्हणाले, "ही किंमत जरा जास्त लावलीय." दाजींचा चेहरा उतरला.

"निळी सगळ्यात स्वस्त पडतीय, हे दिसलं," मामा म्हणाले. "पर चालवणार कोण?"

"मी," चुलत बहीण म्हणाली. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली होती.

मामांनी पत्रकाची घडी घातली. "पोरी, पैशाचं न्हाई. गाडी मामाची. उद्या लोकं म्हणतील, मामाला ड्रायव्हर परवडला न्हाई, म्हणून नवरीला जुंपली."

इथं मी तोंड उघडलं. मी जे बोलले ते पत्रकात चाललं असतं, ओसरीवर नाही. स्त्रीची प्रतिष्ठा, परंपरेचा बोजा, असं बरंच. काकांनी पेपर तोंडासमोर धरला. मामांची टोपी हळूहळू पुढं सरकली. लग्न माझ्यामुळं मोडतंय की काय, असं मला स्वतःलाच वाटू लागलं.

चुलत बहिणीनं तांब्या खाली ठेवला. "अक्का, तू गप. मामा, ड्रायव्हर हवाच असेल तर तुम्ही चालवा. मी तुमच्या शेजारी बसते. तुमच्या भाच्याला क्रूझरमधी येऊ दे, मिक्सर धरून. लोक काय म्हणतील?"

मामांनी तिच्याकडं बघितलं. मग आपल्या भाच्याकडं, जो इतका वेळ खांबाला टेकून बसला होता.

"तुझं काय म्हणणं?"

"मामा," कंडक्टर म्हणाला, "माझा धंदाच तो. गाडी ड्रायव्हर चालवतो, पण डबल बेल दिल्याशिवाय हलवत नाही. बेल मी देईन."

काकांचा पेपर हलू लागला. मग मामांचं पोट हलू लागलं. हसता हसता त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि अट घातली: पुढं पायलट म्हणून क्रूझर जाणार, तिच्यात स्वतः मामा बसणार, आणि क्रूझरवर मोठ्या अक्षरांत लिहिणार की मागची गाडी मामाकडून.

"मोठ्या अक्षरांत मी लिहून देते," मी म्हटलं. तेवढं मला येतं.

लग्न झालं. पाठवणीला चुलत बहीण रडली, चांगली पोटभर रडली, मग शालूचा पदर खोचला, चप्पल काढून मागं ठेवली आणि स्टिअरिंगमागं बसली. परवाना तिनं कमरेला लावला होता, कोणी विचारलंच तर. शेजारी कंडक्टर. फेट्याला छताची अडचण नव्हती, कारण छप्पर उघडं होतं. मागच्या दुसऱ्या क्रूझरमध्ये मी, आणि माझ्या मांडीवर रुखवतातली साखरेची एसटी, जी ताईनं खास केली होती.

"निघू का?" तिनं विचारलं.

कंडक्टरनं स्टीलच्या तांब्यावर चमचा वाजवला. टण टण.

करंजीच्या घाटात समोरून एक एसटी आली. तिच्या ड्रायव्हरनं आमच्या कंडक्टरला ओळखलं, गाडी जवळजवळ उभीच केली आणि खिडकीतून ओरडला, "अरे, पुढच्या सीटवर कसा काय?"

"बदली झाली!" नवरदेव ओरडला.

अख्खी एसटी खिडक्यांना लागली. चुलत बहिणीनं मान वळवली नाही; वळण होतं. पण मला मागून तिचे खांदे दिसत होते, आणि ते हसण्यानं हलत होते. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागून होता.

तर तुम्ही, हे वाचणारे. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत ह्या हंगामात लग्न असेल, आणि गाडी ठरवायला जीपभरून माणसं निघाली असतील, तर त्यांना दारातच अडवा. बॉनेटवर हात ठेवू नका, ॲव्हरेज विचारू नका. नवरीला शालू नेसवून सोबत न्या आणि गाडीत नवऱ्याशेजारी बसवून बघा. ती बसली नाही तर ॲडव्हान्स देऊ नका. दिला असेल तर आजच, मालकाच्या शेडमध्ये उभं राहून, परत मागा.